तिसरा कौल

आमच्या गोमंतकात ‘कौल’ हा शब्द दोन रूपांनी नांदतो. एक कौल घराच्या माथ्यावर असते. ते आपणांस पावसापासून राखते. दुसरा कौल देवाच्या अंगावर पाकळीच्या रूपाने लागतो. तो आपणांस आपल्याच उतावळेपणापासून राखतो. व्याकरणाने एकाला नपुंसकलिंगी व दुसऱ्याला पुल्लिंगी ठरवून दोघांची ताटातूट केली असली, तरी राखण करणे हा धर्म दोघांचाही एकच आहे. आमच्या गावच्या देवळात या दोन्ही कौलांची एकदा गाठ पडली. अग्रशाळेच्या कौलांवर जुन्या आंब्याची एक थोरली फांदी येऊन टेकली आणि ती तोडावी की नाही, याविषयी देवाचा कौल घ्यावा असे महाजनांच्या सभेत ठरले. त्या निमित्ताने आम्हांला आणखी एका कौलाचा शोध लागला. तो देवाकडे मागावयाचा नसतो आणि सरकारकडेही नाही. तो मागावयाचा असतो हातातील हत्याराकडे.

ते हत्यार म्हणजे विजेवर चालणारी साखळीची करवत. बाजारात तिला सारेजण ‘चेनसॉ’ म्हणतात. आमच्या घरी ती आली ती एका वादळाच्या पावलांनी. १६ मे २०२१ रोजी ‘तौक्ते’ चक्रीवादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून गेले. त्या दिवशी आमच्या परसातील एक फणस व दोन माड आडवे झाले आणि शेजारचा काजू आमच्या गडग्यावर येऊन विसावला. झाडे पडली म्हणून तारा तुटल्या, तारा तुटल्या म्हणून वीज गेली, आणि रस्त्यावरची झाडे हटेपर्यंत तारा जोडणाऱ्यांना वाट मिळेना. पुढील चार दिवस आम्ही कंदिलाच्या उजेडात कोयते आणि हातकरवत घेऊन घाम गाळला. वीज परत आली तेव्हा तळहातांना फोड आणि मनात एक निश्चय, एवढीच आमची मिळकत उरली होती. निश्चय असा, की पुढच्या वादळाच्या आत विजेची करवत घरात आणावयाची. भिंतीतल्या विजेवर चालणारी वादळानंतर काय कामाची, म्हणून बॅटरीची आणली.

वकिलाला अशा यंत्राचा मोह का पडतो, हे वाचकांच्या ध्यानात येईलच. ज्या व्यवसायात एक तारीख पडली की तीन महिन्यांची निश्चिंती, त्या व्यवसायातील मनुष्याच्या हाती अर्ध्या मिनिटात निकाल देणारी वस्तू आली, तर त्याचे चित्त थाऱ्यावर राहणे कठीण. मांडीएवढ्या जाडीची फांदी लोण्यासारखी दुभंगते. ना धूर, ना पेट्रोलचा वास, ना दोरी ओढण्याची यातायात. बोटाने कळ दाबावी, आणि काम झाले. पहिल्या महिन्यात आम्ही गरज असलेल्या फांद्या तोडल्या. दुसऱ्या महिन्यात गरज नसलेल्याही तोडल्या. सोबत आलेली माहितीपुस्तिका कपाटात तशीच राहिली. आयुष्यभर बारीक टायपातली कलमे वाचून पोट भरणारा मनुष्य स्वतःच्या घरात आलेले बारीक टायपातले पुस्तक मात्र उघडीत नाही, हा मनुष्यस्वभावाचा एक चमत्कारच म्हणावयाचा.

त्याचे प्रायश्चित्त पुढल्या वर्षी मिळाले. परसात चिकूची एक फांदी विहिरीवर वाकली होती. आम्ही शिडी लावली आणि करवत घेऊन चौथ्या पायरीवर चढलो. करवतीला दोन्ही हात लागतात. अर्थात शिडीला धरावयास एकही हात शिल्लक राहत नाही, हा साधा हिशेब वर पोहोचल्यावर सुचला. तरीही कळ दाबली. फांदीच्या मागे पानांच्या गर्दीत दुसरी एक फांदी होती. ती आम्हांला दिसली नाही, करवतीच्या टोकाला मात्र ती सापडली. पुढे काय झाले ते सांगावयास एक वाक्य लागते, घडावयास तेवढाही वेळ लागला नाही. करवत हातांत असतानाच उलटी उसळली, आमच्या उजव्या कानाजवळून वर गेली, कुठेतरी ‘खट्’ असा आवाज झाला, आणि आम्ही शिडीसह अळवाच्या वाफ्यात आडवे झालो. करवत हातभर अंतरावर पडली होती. तिची साखळी थांबलेली होती.

आमच्याकडे गेली तीस वर्षे नारळ उतरवणारा पाडेली त्या वेळी समोरच्या माडाखाली नारळ मोजत होता. तो धावत आला. आम्हांला उठवण्याआधी त्याने करवतीकडे क्षणभर निरखून पाहिले आणि म्हणाला, “वकीलबाब, हें हत्यार न्हय, हें जनावर.” गृहलक्ष्मी काहीच बोलल्या नाहीत. त्यांनी करवतीतून बॅटरी काढली, आत नेऊन कपाटात ठेवली आणि किल्ली कमरेला लावली. त्या मौनापुढे आमचा सारा युक्तिवाद व्यर्थ होता.

त्या रात्री आम्ही ते बारीक टायपातले पुस्तक अथपासून इतिपर्यंत वाचले. आमच्या कानाजवळून जे गेले त्याचे कारण असे. करवतीची साखळी एका लांब पट्टीभोवती वेगाने फिरते. पट्टीच्या टोकाचा वरचा चतुर्थांश हा तिचा मर्मभाग. तो फिरत असताना लाकडाला टेकला, की साखळीचे दात लाकडात अडकतात. साखळीला पुढे जाता येत नाही, म्हणून तिचा सारा वेग पट्टीला उलट फेकतो, वर आणि मागे, चालवणाऱ्याच्या तोंडाकडे. ही उसळी मनुष्याला जाणवण्यापूर्वीच पुरी होते. डोळ्याने पाहून, मनाने समजून, हाताने आवरीन म्हणणाऱ्याला तेवढी सवडच ती देत नाही. म्हणून पुढल्या मुठीच्या समोर एक आडवी ढाल असते. उसळीत मनगट तिच्यावर आपटले, किंवा नुसत्या झटक्याने ती पुढे कलली, की साखळीला खीळ बसते. तो ‘खट्’ आवाज त्या खिळीचा होता. आम्ही वाचलो ते आमच्या शहाणपणाने नव्हे, तर कुणा अनाम कारागिराने आमच्या मूर्खपणाची आगाऊ तरतूद करून ठेवली होती म्हणून.

दुसरी गोष्ट आम्हांला अधिक विचार करावयास लावणारी वाटली. पेट्रोलची करवत हातात असेपर्यंत गुरगुरत असते. ती जिवंत आहे, याचा विसर ती पडू देत नाही. विजेची करवत काम थांबताच मौन धारण करते, आणि आपण त्या मौनाला निद्रा समजतो. साखळीत अडकलेली काडी बोटाने काढावी, पाहावे साखळी किती सैल झाली, असे सहज मनात येते. पण तिला जागे करावयास दोरी ओढावी लागत नाही. कळीवर नकळत पडलेले बोट पुरते. कळ सोडल्यावरही साखळी क्षणभर फिरत राहते, ते निराळेच. तेव्हा पहिला नियम हा, की बॅटरी काढल्यावाचून साखळीला बोट लावावयाचे नाही. तारेची करवत असेल तर पिन भिंतीतून निघालेली पाहिजे. तारेच्या करवतीचे आणखीही पथ्य आहे. तार नेहमी आपल्या पाठीमागे असावी, गुंडाळीवरून पूर्ण उलगडलेली असावी, आणि घरच्या बोर्डावर तीस मिलिअँपिअर गळतीला वीज तोडणारी पेटी असावी. पावसात तर कोणतीच विजेची करवत बाहेर काढू नये. जो शांत असतो तो निरुपद्रवी असतो, हा समज कोर्टात आम्ही कधीच टाकून दिला होता. परसात मात्र बाळगून होतो.

बोटांचा विषय निघाला म्हणून सांगतो. आम्ही कायदा शिकलो तेव्हा १९२३ चा कामगार नुकसानभरपाईचा कायदा अभ्यासाला होता. त्याच्या शेवटी एक अनुसूची होती. कामावर असताना कोणता अवयव गेला तर मनुष्याची कमावण्याची शक्ती शेकडा किती गेली असे धरावयाचे, त्याचा तो तक्ता. अंगठा गेला तर ३०. तर्जनी पुरी गेली तर १४. मधले बोट १२. परीक्षेसाठी आम्ही तो तक्ता घोकला आणि पुढे काही दाव्यांत त्याचा उपयोगही केला. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभ्या असलेल्या मनुष्याने तीन बोटांचा हात वर करून शपथ घेतलेली आम्ही पाहिली आहे. तेव्हा आमचे लक्ष त्या हाताकडे नव्हते, टक्क्यांच्या बेरजेकडे होते. अळवाच्या वाफ्यातून उठल्यावर मात्र आम्ही प्रथम दोन्ही हातांची बोटे मोजली. दहा भरली. त्या बेरजेसारखी समाधानाची बेरीज आम्ही आयुष्यात दुसरी केलेली नाही.

आता देवळाच्या आंब्याकडे येऊ. सभेत फांदीचा प्रश्न निघाला तेव्हा जत्रेला पंधरा दिवस राहिले होते. फांदी कौलांवर घासत होती. दोन कौले फुटली होती, आणि अग्रशाळेत जत्रेला येणारे कुळावी उतरणार होते. आंबा जुना, कुणाच्या आज्याने लावला ते कुणाला ठाऊक नाही, आणि त्याच्या मुळाशी राखणदाराचा नारळ ठेवण्याची चाल. तेव्हा देवाला विचारावे, यावर दुमत नव्हते. भटजींनी पाकळ्या लावल्या, गाऱ्हाणे घातले. उजवी पाकळी सुटली. पहिला कौल मिळाला.

प्रसाद घेताना भटजींनी आम्हांला एक गोष्ट सांगितली. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या बृहत्संहितेत देवमूर्तीसाठी लाकूड आणण्याकरिता वनात कसे शिरावे, यावर एक स्वतंत्र अध्याय आहे. झाड तोडण्याआधी त्याची पूजा करावी. त्याच्या आश्रयाने राहणाऱ्या भूतांना विनवावे, की आपण आता अन्यत्र वास करावा. सकाळी मध आणि तूप माखलेल्या कुऱ्हाडीने घाव घालावा. झाड कोणत्या दिशेला पडते तेही पाहावे. आम्ही घरी येऊन तो अध्याय उघडला आणि थक्क झालो. त्यात केवळ भाविकता आहे असे समजणारा मनुष्य कधी झाडाखाली उभाच राहिला नसावा. झाडावर कोण राहते ते आधी पाहा, म्हणजे मोहोळ खवळून अंगावर येणार नाही आणि पिलांसह घरटे खाली येणार नाही. धारेला स्निग्ध ठेवा, म्हणजे ती लाकडात अडखळणार नाही. पडण्याची दिशा आधी मनात आणा, म्हणजे पळण्याची दिशाही आपोआप मनात येईल. आमच्या करवतीच्या पुस्तिकेत नेमक्या याच तीन गोष्टी होत्या. फक्त मधतुपाच्या जागी साखळीचे तेल होते. मधला काळ सुमारे चौदा शतकांचा; पण घाव घालण्यापूर्वी थांबावे, हे दोन्ही ग्रंथांचे म्हणणे एक.

दुसरा कौल सरकारचा. गोव्यात झाडांच्या रक्षणासाठी १९८४ चा कायदा आहे. झाड तोडण्यासाठी त्याअन्वये वृक्षाधिकाऱ्याची परवानगी लागते. याच कायद्यातून २०१६ मध्ये माडाला ‘वृक्ष’ या व्याख्येतून वगळण्यात आले होते, आणि लोकांनी केलेल्या ओरडीनंतर २०१७ मध्ये त्याला पुन्हा वृक्षपद मिळाले. दारातला माड एक वर्ष झाड नव्हता आणि पुढच्या वर्षी झाड झाला, यावर आमच्या बारमध्ये पुष्कळ विनोद झाले. माडाने मात्र दोन्ही वर्षी सारखेच नारळ दिले. आमच्या आंब्याची फांदीच काय ती कापावयाची होती. पण देवस्थानाने आधी कापावे आणि मग विचारावे हे शोभणारे नव्हे. अर्ज केला, पाहणी झाली, कागद हाती आला. त्यातच आठ दिवस गेले.

आता सभेचा धीर सुटला. अध्यक्ष म्हणाले, “वकीलसाहेब, तुमच्या घरी करवत आहे ना? पाडेलीच्या पोराला द्या. शिडी लावील, अर्ध्या तासात मोकळा होईल.” पाडेलीचा मुलगा एकवीस-बावीस वर्षांचा, बापाचा धंदा नको म्हणून शहरात गेलेला आणि जत्रेपुरता गावी आलेला. तो तेथेच खांबाला टेकून उभा होता. करवतीचे नाव निघताच त्याचे डोळे चमकले. ती चमक आमच्या ओळखीची होती. वर्षापूर्वी ती आमच्याच डोळ्यांत होती.

आम्ही म्हटले, “करवत देतो, पण शिडीवर नाही. शिवाय दोन दिवस लागतील आणि थोडा खर्च येईल.” आणि हेल्मेट, तोंडावरची जाळी, कानावरची झाकणे, पायांसाठी खास पाटलोण अशी यादी वाचून दाखवली. सभेत हशा पिकला. एक वडीलधारे महाजन म्हणाले, “अहो, कोर्टातल्या तारखा देवळात आणू नका. आमच्या वाडवडिलांनी लंगोटीवर जंगले तोडली.” त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. पण वाडवडिलांची कुऱ्हाड एका घावानंतर दुसरा घाव घालण्यापूर्वी मनुष्याच्या मर्जीची वाट पाहत असे. ही वाट पाहत नाही. आम्ही एवढेच म्हटले, “दोन कौल झाले, अजून तिसरा राहिला आहे. देव हो म्हणाला, सरकार हो म्हणाले. करवतीला अजून कुणी विचारलेले नाही. आम्ही एकदा न विचारता गेलो होतो, त्याची साक्ष हा पाडेली देईल.” पाडेलीने मान हलवली. मुलाने बापाकडे पाहिले आणि तो खांबापासून सरळ उभा राहिला. खर्च मंजूर झाला, थोडासा कुरकुरत.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही अग्रशाळेच्या ओट्यावर शाळा भरवली. शिष्य एकच, गुरूही नुकताच उत्तीर्ण झालेला. प्रथम बॅटरी काढून ठेवली. मग साखळीचा ताण पाहिला. ती पट्टीच्या खालच्या अंगाला चिकटून बसावी, तरी हातमोजे घातलेल्या हाताने ओढता यावी. सैल असेल तर उडते, फार घट्ट असेल तर पट्टी झिजते. काम करताना ती तापून लांबते, म्हणून मधूनमधून पुन्हा पाहावे, आणि काम संपल्यावर थोडी सैल करून ठेवावी. तेलाची टाकी भरली. करवतीचे टोक एका फिकट फळीसमोर धरून क्षणभर चालवले. फळीवर तेलाची बारीक रेघ उमटली, म्हणजे तेल पोहोचते आहे. ढाल पुढे ढकलून खीळ बसते की नाही, ते पाहिले. पायांच्या पाटलोणीत लांब धागे असतात. साखळी लागली तर ते निघून चाकाला गुंडाळतात आणि करवत अडकते. पण विजेच्या मोटरीचा जोर आरंभापासून पुरा असतो, तेव्हा त्या धाग्यांवर सारा भरवसा टाकू नये, हेही सांगितले. कवचकुंडले असूनही कर्ण गेला, हे दाखला म्हणून सांगणार होतो. पण ती त्याने आधीच देऊन टाकली होती, हे ध्यानात येऊन दाखला आवरला.

मग धरावयाचे कसे ते. डावा हात पुढच्या मुठीवर, उजवा मागच्या; डाव्या हाताचा अंगठा मुठीच्या खालून पुरा वळलेला. अंगठा वर मोकळा ठेवण्याची खोड पुष्कळांना असते. उसळी आली की ती मूठ प्रथम सुटते. डोके पट्टीच्या रेषेत आणावयाचे नाही, किंचित डावीकडे राहावयाचे. करवत खांद्याच्या वर न्यावयाची नाही. कापताना टोक कुठे आहे, ते डोळ्यांना सतत दिसले पाहिजे. मुलगा सारे ऐकत होता. पण अंगठा दर वेळी वर जात होता. तिसऱ्यांदा आम्ही त्याचा अंगठा आपल्या हाताने वळवून मुठीखाली नेला आणि म्हटले, “याची किंमत तीस टक्के.” त्याला अर्थ कळला नाही. कळू नये, हीच आमची इच्छा होती.

फांदी मात्र करवतीने तोडली नाही. उंचीवर या करवतीचा कौल डावा होता. आमच्या बाबतीत तो तिने अळवाच्या वाफ्यात दिलाच होता. वीज खात्याला सांगून अग्रशाळेकडे जाणारी तार तासभर मृत करून घेतली. पाडेलीने खालून हाताचा आडोसा करून झाड निरखले. मोहोळ नव्हते, ढोली रिकामी होती. मग दोर कमरेला व फांदीला बांधून तो स्वतः हातकरवत घेऊन वर चढला. भटजींनी त्या हातकरवतीला मध आणि तूप लावले होते. पाडेलीने ते बोटाने पुसून चाखले आणि कपाळाला हात लावला. शेंड्याकडून एक-एक तुकडा कापून दोराने खाली उतरवला. एकही कौल फुटले नाही.

शेवटी बुडाचा भाग राहिला. थोरली फांदी वरून एकाच घावात कापली तर ती अर्धवट कापली जाताच आपल्या भाराने कोसळते आणि जाताना खोडाची साल खाली सोलून नेते. म्हणून तीन काप. पहिला खोडापासून हातभर अंतरावर खालच्या अंगाने, जाडीच्या चौथाईपर्यंत. दुसरा त्याच्या थोडा बाहेर, वरून. फांदी येथे निमूट सुटते. तिसरा उरलेल्या खुंटाचा. हा खोडाला अगदी भिडवून घ्यावयाचा नसतो. फांदी जेथे खोडातून निघते तेथे सुरकुत्यांची एक फुगीर गळपट्टी असते. तिच्या लगत बाहेरून कापावयाचे. पूर्वी खोडाशी सपाट कापणे हीच सफाई समजत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ॲलेक्स शायगो या अमेरिकन वृक्षशास्त्रज्ञाने झाडांचे सोट याच साखळीच्या करवतीने उभे चिरून तपासले आणि दाखवले, की झाडाची जखम आपल्या जखमेसारखी भरून निघत नाही. झाड तिच्याभोवती आतून भिंत बांधते आणि किडीला कोंडते. ती भिंत बांधणारे जिवंत लाकूड त्या गळपट्टीत असते. ती कापली, तर झाडाचा राखणदारच गेला. आम्ही हे सांगताच पाडेली वरून हसला. “वकीलबाब, तें आमकां खबर आसा,” तो म्हणाला. त्याच्या बापाने त्याला खोडाजवळ ‘झाडाची मान’ सोडून कापावयास शिकवले होते. कारण तेवढे सांगितले नव्हते.

विजेच्या करवतीची पाळी आली ती जमिनीवर. खाली पडलेल्या फांद्यांचे तुकडे करावयाचे होते. हे काम निर्धोक दिसते, पण तसे नसते. आडव्या पडलेल्या लाकडात ताण लपलेला असतो. एक टोक टेकलेले आणि दुसरे अधांतरी असेल, तर वरचे अंग ताणलेले व खालचे दबलेले असते. दोन्ही टोके टेकून मध्य अधांतरी असेल, तर उलट. दबलेल्या अंगाने आधी जाडीच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत कापावे, आणि मग ताणलेल्या अंगाने पुरे करावे. नाहीतर पट्टी चिमटीत सापडते किंवा लाकूड फाटून अंगावर येते. मुलगा प्रत्येक फांदीपाशी थांबू लागला. वाकून तिच्या खालून पाहू लागला. पाय कुठे ठेवावेत, मागे सरावयाचे झाले तर कुठे सरावे, ते पाहू लागला. मग कळ दाबी. दुपारपर्यंत करवतीखालून ढलप्यांऐवजी पिठासारखा भुसा पडू लागला. ही बोथट झाल्याची खूण. जोर लावून रेटण्याऐवजी तो स्वतःच थांबला आणि कानस मागू लागला. त्या क्षणी आमची शाळा सुटली, असे आम्ही समजलो.

अध्यक्ष दोनदा येऊन घड्याळ पाहून गेले. तिसऱ्या खेपेला ते उभे राहिले आणि बराच वेळ त्या पोराच्या वाकण्याकडे व थांबण्याकडे पाहत होते. काही बोलले नाहीत. जाताना त्यांनी घरून दोन शहाळी पाठवली.

जत्रा नेहमीप्रमाणे झाली. अग्रशाळेत कुळावी उतरले. त्यांपैकी कुणालाही ठाऊक नव्हते, की त्यांच्या डोक्यावरील छपरासाठी तीन ठिकाणी विचारणा झाली होती. ठाऊक असण्याचे कारणही नव्हते. न घडलेल्या अपघाताचा अभिलेख कुठल्याच कोर्टात नसतो. त्याचा दावा लागत नाही, त्याची अनुसूची छापली जात नाही. पाडेलीच्या घरी त्या रात्री पोरगा दोन्ही हातांनी जेवावयास बसला, एवढाच त्याचा पुरावा.

पण आम्हांला स्मरते ती त्या दुसऱ्या दिवसाची संध्याकाळ. शेवटचा तुकडा पडला. मुलाने कळ सोडली, साखळी पुरती थांबेपर्यंत तो तसाच उभा राहिला, मग ढाल पुढे ढकलली, करवत जमिनीवर ठेवली आणि कुणी न सांगता बॅटरी काढून आमच्या हातात दिली. बॅटरी अजून कोमट होती. आंब्याच्या मुळाशी त्याचा बाप राखणदारासाठी नारळ ठेवत होता. देवळात सांजेची घंटा झाली. आम्ही बॅटरी खिशात घातली, घरी गेलो आणि गृहलक्ष्मींच्या स्वाधीन केली. त्यांनी आमच्या हातांकडे एकदा पाहिले आणि कपाट उघडले.